दोन ते चारच्या बाई

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला नोकरी आठवते. इतरांना त्या वासाने उपासाचे दिवस आठवतात, एसटी स्टँडवरची कागदाची पुडी आठवते. मला नोकरी आठवते, आणि तीही माझी नव्हे, आईची.

मागच्या आठवड्यात मेघनाचा फोन आला. मेघना ही आईला नोकरी लावून देणाऱ्या बाईंची भाची, बोरिवलीला असते. घाटकोपरला पंतनगरातली बाईंची इमारत पाडून तिथे नवी व्हायची आहे. बाकीची बिऱ्हाडं एकेक करून हलली, आणि रविवारी मेघना बाईंनाही आपल्या घरी घेऊन जाणार होती. कपाटं उपसताना तिला बाईंनी एकेकीच्या नावाने लिहिलेली जुनी कार्डं सापडली होती, शेकड्यांनी. ती म्हणाली, "रद्दीवाला शनिवारी येतोय. तुमच्या आईंना त्यांचं कार्ड हवं असेल तर त्याच्या आधी येऊन जा." आईचं नाव तिच्या लक्षात होतं, कारण आई अजून दर वर्षी बाईंना जत्रेतलं खाजं पाठवते.

आई आता ऐंशीची आहे. आम्ही दोघी कांजूरमार्गला राहतो, चौथ्या मजल्यावर, वारा फिरला की कचरा डेपोच्या वासाने खिडक्या लावून घ्याव्या लागतात अशा ठिकाणी. मी फोन ठेवायच्या आत तिचा हुकूम सुटला, "माझा कार्ड हाड. आनि बाईंका इचार, नीट जेवतंत मां?"

आणते आणि विचारतेही, असं मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर आईचं कार्ड हे निमित्त होतं. मला माझं बघायचं होतं. माझ्यात बाईंना काय दिसलं, की काहीच दिसलं नाही, हे मला एकोणिसाव्या वर्षापासून जाणून घ्यायचं होतं. तेव्हापासूनच मी त्यांच्यावर रुसलेही होते. आता मी अठ्ठावन्नची. गेल्या महिन्यात ऑफिसातून निवृत्त झाले, शाल आणि घड्याळ घेऊन घरी आले. इतका लांबलेला रुसवा शनिवारी रद्दीत जाणार म्हटल्यावर मी बुधवारीच जायचं ठरवलं.

आता प्रत्येक कॉलेजात करिअर मार्गदर्शनाची खोली असते. भिंतीला रंगीत तक्ते, टेबलावर कॉम्प्युटर, दारावर मॅडमच्या नावाची पाटी. बाईंच्या दारावर पाटी नव्हती. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, पुढे बंद केलेली गॅलरी, गॅलरीत एक टेबल आणि कुठल्याशा वाचनालयाने मोडीत काढलेलं लांबट खणांचं कपाट. आमच्या बाजूला तरी त्यांच्या आधी हे काम कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. बायकांना नोकरी लागते एवढं लोकांना माहीत होतं. कुठल्या बाईला कुठलं काम शोभेल याचा विचार कुणी गुरुवार राखून करतं, हे ऐकून लोक हसायचे. सोसायटीतल्या काहींची समजूत तर बाई मोलकरणी पुरवतात अशी होती. जिन्यापाशी बायकांच्या चपलांचा ढीग पडतो म्हणून मीटिंगमध्ये तक्रारही झाली होती.

त्याआधी बाई सरकारी नोकरीत होत्या, नोकरीसाठी नाव नोंदवायच्या कचेरीत. समोर फॉर्म यायचे. त्यात अनुभव असा रकाना असे, आणि बायका त्यापुढे न चुकता लिहीत, काही नाही. तीन पोरं वाढवलेली बाई लिही, काही नाही. सासऱ्याचं आजारपण सहा वर्षं काढलेली लिही, काही नाही. एक दिवस बाईंचं डोकं फिरलं आणि त्यांनी ती नोकरी सोडली. त्या हे असंच सांगायच्या, डोकं फिरलं, आणि पुढे काही विचारलं तर चहा टाकायला उठायच्या.

त्यांची वेळ ठरलेली होती. गुरुवारी दुपारी दोन ते चार. दोनच्या आत भांडी आवरत नाहीत आणि चारनंतर पोरं शाळेतून येतात, म्हणून मधले दोन तास. आसपासच्या बायका त्यांना दोन ते चारच्या बाई म्हणायच्या. 

येणारी बाई एकटी क्वचित यायची. बरोबर सासू असायची, नाहीतर नवरा, आणि त्यांनाच बोलायची घाई फार. बाई त्यांना आत घेत नसत. बाहेर पॅसेजमध्ये एक बाक होतं. तिथे बसवून त्यांच्या मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचं सूप द्यायच्या आणि म्हणायच्या, एवढ्या सोलून ठेवा. हाताला काम मिळालं की माणसाचे कान जरा कमी चालतात, असा त्यांचा अनुभव. कितीतरी तावातावाने आलेल्या सासवा त्या बाकावर शेंगा सोलता सोलता निवल्या. ते दाणे आत भाजले जायचे, आणि निघताना प्रत्येकीच्या हातावर मूठभर गरम दाणे आणि गुळाचा खडा मिळायचा. 

आतली रीत आणखी वेगळी. बाई मार्कशीट मागत नसत. पहिल्या भेटीला सांगायच्या, "दिवस लिहून आण." वाणी फुकट देतात त्या कॅलेंडरचं मागून कोरं असलेलं पान घ्यायचं, आणि उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं ते घड्याळासकट लिहायचं. दुसऱ्या गुरुवारी ते पान टेबलावर पसरून बाई पेन्सिलीचं टोक एकेका वेळेवरून खाली आणत. पाच वाजता, साडेपाच वाजता, सहा दहाला. आणि मधेच पेन्सिल थांबायची. त्या ओळीत काम लिहिलेलं असे, पण वेळ लिहायची राहून गेलेली असे. 

"इथे घड्याळ कुठे गेलं गं?"

समोरची गोंधळून म्हणायची, राहिलंच की, आता घालते. बाई घालू द्यायच्या नाहीत. कोरं कार्ड पुढे ओढून पेन्सिल टेकवायच्या आणि म्हणायच्या, "सांग." मग ती बाई त्या एका ओळीबद्दल जे बोलत सुटायची ते अर्धा अर्धा तास. मसाल्याबद्दल, पोरांच्या अभ्यासाबद्दल, शेजारणीच्या ब्लाउजच्या बाहीबद्दल. बाई लिहून घ्यायच्या. नंतरचे सहा दिवस नर्सिंग होम, कारखाने, शाळा, गोदामं अशा पायऱ्या झिजवून त्या कामाला कुठे जागा आहे ते शोधायच्या.

हे सगळं मला नंतर कळलं. मी गेले तेव्हा फक्त दिवस लिहून आणायचा असतो एवढंच ठाऊक होतं.

आम्ही तेव्हा घाटकोपरलाच, पश्चिमेला भटवाडीच्या चढावर राहत होतो. गिरणी बंद होऊन बरेच महिने झाले होते. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यात बसायचे आणि दुपारी तो काढून ठेवायचे. मी बारावी होऊन घरात होते. त्या दिवसांचा वास माझ्या मनात ओल्या सिमेंटचा आहे. पहाटे चाळीतल्या एकुलत्या नळाला पाणी यायचं आणि बावीस बिऱ्हाडांचे हंडे रांगेला लागायचे. त्या रांगेची मालकीण माझी आई. कुणाची पाळी कधी, कुणाकडे बाळंतीण आहे, कुणाचा पाहुणा आलाय, कुणी काल एक हंडा जास्त भरला, सगळं तिच्या डोक्यात. हंड्यांच्या खणखणाटात तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. आमच्या वरच्या चाळीत नळावर डोकी फुटायची. आमच्याकडे मात्र सगळे पाणी भरून गप्पा मारत घरी जायचे.

कॅलेंडरचं पान घेऊन मी बसले आणि माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. पहाटेपासून जागी पडून होते, सात वाजता उठले, चहा प्याले, बसले. ते बघून मला इतकी लाज वाटली की मी पान फाडलं आणि दुसऱ्या पानावर आईचा दिवस लिहून काढला. चार चाळीस, उठले. चार पंचेचाळीस, नळ, बावीस बिऱ्हाडांची पाळी. पाच वीस, पाणी गेलं. रात्रीपर्यंतचं मिनिटामिनिटाचं लिहिलं, वर माझं नाव घातलं आणि गुरुवारी मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवलं.

बाईंची पेन्सिल वरपासून खालपर्यंत एकदाही न थांबता गेली. मला वाटलं, झकास, एकही चूक नाही. बाईंनी चष्मा काढला.

"हा दिवस कोणाचा?"

"माझा."

"स्वतःच्या दिवसावर माणूस इतकी पाळत ठेवत नाही. एवढं बारीक लक्ष आपण दुसऱ्याकडेच देतो. बावीस बिऱ्हाडांची पाळी कोण लावतं?"

मी मान खाली घातली आणि आईचं नाव सांगितलं. कान इतके तापले होते की त्यापुढे बाई काय बोलल्या त्यातलं एकच वाक्य मला घरापर्यंत आणता आलं. आईला घेऊन ये.

आई आधी यायला तयार नव्हती. माका काय येता, मी चौथी शिकलंय, असं चार दिवस चाललं होतं. शेवटी बाबाच म्हणाले, जाऊन तर येऊ. गुरुवारी आम्ही तिघं रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला गेलो. आई आत गेली. बाकावर बाबा आणि मी, मधे शेंगांचं सूप. बाबा खाली बघून शेंगा सोलत होते, गिरणीतल्या साच्यावर असल्यासारखे, एका लयीत, एक दाणा फुटू न देता. पडद्याआडून आईचा आवाज येत होता. तिला लिहायचा कंटाळा म्हणून बाईंनी तिला तोंडी दिवस सांगायला लावला होता. ती घड्याळ सांगत सांगत चालली होती, आणि नळापाशी ते राहिलं. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. आई हसली. इतकं मोकळं हसणं मी घरात बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"पानी येता तेव्हा घड्याळ कोन बघता? नळाचो आवाज बदललो की माका समाजता."

आत कार्ड सरकवल्याचा आवाज आला. बाबांचं सूप रिकामं झालं होतं. त्यांनी पडद्याकडे तोंड करून हळूच विचारलं, अजून आहेत का शेंगा. बाईंनी आतून दुसरी पिशवी पाठवली.

पंधरा दिवसांत आई एका प्रसूतिगृहात लागली. कापडांच्या आणि उपकरणांच्या खोलीवर, कुठल्या खाटेला कधी काय जायचं ते बघायला. पुढे वरचा अख्खा मजला तिच्या शब्दावर चालायचा. ती घरी आली की फिनेलचा आणि वाफेत उकळलेल्या कापडाचा वास दारातून आधी आत यायचा. तिच्या पिशवीत कधी पेढे असायचे, कुणाला मुलगा झाला म्हणून दिलेले. मुलगी झालेले पेढे देत नाहीत म्हणून ती स्वतः बर्फी न्यायची, हे मला पुढे कुणीतरी सांगितलं. आमचं घर त्या वासावर उभं राहिलं. बाबांचा शर्ट पुन्हा संध्याकाळपर्यंत अंगावर राहू लागला, कारण आईचा डबा तेच पोचवायचे.

मला या सगळ्याचा आनंद होता, अभिमानही होता, आणि आतून मी फुगून बसले होते. गेले होते मी, आणि निवडली आई. आमच्या घरात काय बघण्यासारखं आहे ते बाईंनी बघितलं, आणि ती मी नव्हते. मी पुन्हा पंतनगरात पाऊल टाकलं नाही. घरचा स्वयंपाक माझ्याकडे आला. मग कुणाच्या तरी ओळखीने अंधेरीला ऑफिसात चिकटले, आणि तिथे जावक रजिस्टर सांभाळण्यात वर्षं गेली. बरी नोकरी होती, तक्रार नाही. पण तिथे मी घड्याळ कधीच विसरले नाही.

बुधवारी पंतनगरला गेले तेव्हा अर्ध्या इमारतीच्या खिडक्या काढून नेलेल्या होत्या. चपलांच्या ढिगाच्या जागी विटा होत्या. बाक मात्र तिथेच होतं. आत बाई खुर्चीत बसल्या होत्या, सत्त्याऐंशीच्या, वाळून हलक्या झालेल्या, चष्मा तसाच. मी नाव सांगितलं, आईचं सांगितलं, नीट जेवता ना विचारलं. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि विचारलं, "दिवस आणलास?"

मला वाटलं, ओळखलं. मेघना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मनावर घेऊ नका. ती आता कुणाला ओळखत नाही. इंजेक्शन द्यायला नर्स येते ना, तिलाही हेच विचारते."

मग तिने गॅलरीतलं कपाट दाखवलं. खण ओढला की अजून तोच वास, जुन्या पुठ्ठ्याचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा. मी मधेच हाताला येईल ते कार्ड वाचत गेले. वेसाव्याची कोळीण, मासळीला हात न लावता कालची की आजची सांगते. तिला बाईंनी बर्फाच्या कारखान्यात माल तपासायला लावलं होतं. मुलुंडची एक, मसाला भाजताना घड्याळ विसरते, नाक तीक्ष्ण. तिच्या नावापुढे औषधाची कंपनी लिहिली होती. मालाडच्या एकीपुढे लिहिलं होतं, रडत्या पोराला तीन वाक्यांत गप्प करते, चौथं लागत नाही. एकीपुढे नुसतं, हिला आधी झोप हवी. प्रत्येक कार्डाच्या वर, अनुभव छापलेल्या रकान्यात, त्या बाईचं ते एक काम बाईंच्या गोल अक्षरात. एकाही कार्डावर काही नाही असं लिहिलेलं नव्हतं.

आईचं सापडलं. नळाचा आवाज ओळखते. भांडण व्हायच्या आधी मिटवते. आणि खाली बारीक अक्षरात, नवऱ्याचे हात उत्तम, त्याचंही बघावं. हे वाचून मी गॅलरीतच खाली बसले. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली.

त्याच्या मागेच माझं होतं. नाव, वय एकोणीस. त्याखाली तीन ओळी. दुसऱ्याचा दिवस डोळ्यात तेल घालून बघते. आईचं पान आणलं होतं. आईला घेऊन ये, आणि तू तुझा दिवस घेऊन ये, असं सांगितलं आहे.

अनुभवाचा रकाना रिकामा होता. खाली पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, एकीशेजारी एक, आणि त्यांच्या सुरुवातीला लिहिलं होतं, गुरुवारी वाट पाहिली. मी त्या मोजल्या नाहीत. मोजण्याइतकं दिसतही नव्हतं. इतकी वर्षं मी अर्धं वाक्य उराशी धरून बसले होते, आणि उरलेलं अर्धं इथे खणात पडलं होतं.

दोन्ही कार्डं घेऊन मी घरी आले. आईला तिचं वाचून दाखवलं. बाबांची ओळ आली तेव्हा तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि पदराने पुसलं. 

गुरुवारी सकाळी मी कॅलेंडरचं पान घेऊन टेबलाशी बसले. कालचा दिवस लिहायचा ठरवलं. सहा वाजता, आईची गोळी. सव्वासहा, आईचा चहा. सात, आईला अंघोळीचं पाणी. पान भरत आलं आणि आईने खांद्यावरून डोकावून बघितलं. तिला चौथीपुरतं वाचता येतं, आणि तेवढं पुरलं.

"ह्यो सगळो माझोच दिस लिवलंस गो. तुझो खंय आसा?"

मी पेन खाली ठेवलं. एकोणिसाव्या वर्षी केलेली चूक मी अठ्ठावन्नाव्या वर्षी जशीच्या तशी केली होती. आई आत गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून माझ्यापुढे ठेवून गेली. मी पुन्हा लिहिलं. यावेळी जे आठवलं ते, वाचून न बघता. घडी घालून पर्समध्ये टाकलं, त्यात माझं कार्डही टाकलं.

दोन वाजता मी पंतनगरला पोचले. मेघना रद्दीसाठी कार्डांची खोकी बांधत होती. तिने मला बघून भुवया उंचावल्या. बाई त्याच खुर्चीत होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच मी पान त्यांच्यापुढे पसरलं. त्यांचा हात टेबलावर काहीतरी शोधू लागला. मी खणातून पेन्सिल काढून त्या हातात दिली.

टोक पहिल्या वेळेवर बरोबर टेकलं. सहा वाजता. सव्वासहाला. सातला. पेन्सिल हळूहळू खाली येत गेली. जेवणापर्यंत आली, बसपर्यंत आली, आणि थांबली. मी वाकून बघितलं. तिथे लिहिलं होतं, बाईंच्या घरी गॅलरीत बसून बायकांची कार्डं वाचली. त्यापुढे वेळ लिहिलेली नव्हती. मेघनाने दिलेला चहा माझ्या शेजारी गार झाला होता एवढं फक्त आठवत होतं.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं, ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. ओळखायची गरजही नव्हती.

"इथे घड्याळ कुठे गेलं गं?"

त्या कोरं कार्ड शोधू लागल्या. मी पर्समधून माझं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. रेघांच्या खाली अजून बरीच जागा होती. बाईंनी तिथे पेन्सिल टेकवली आणि म्हणाल्या, "सांग."

मी मेघनाला हातानेच खुणावलं, ती खोकी बांधू नकोस म्हणून, आणि वेसाव्याच्या कोळणीपासून सांगायला लागले.